समन्यायी वाटप: जायकवाडीच्या भिंतीपर्यंत आणि पुढे

ऑक्टोबर उजाडला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत जायकवाडीची टक्केवारी पहिल्या पानावर येते. गोदावरीवरच्या या धरणाच्या जलाशयातला, म्हणजे पैठणच्या नाथसागरातला, जिवंत (वापरता येणारा) साठा ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्क्यांच्या खाली असला, तर नाशिक आणि नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे याचा हिशेब सुरू होतो, आणि पुढचा महिना निवेदने, रास्ता रोको, याचिका आणि बैठका यांत जातो. या वाटपामागचा कायदा आणि त्याचा जमिनीवरचा परिणाम हा मी पीएच.डी.साठी घेतलेला विषय. निष्कर्ष प्रबंधात आहेतच. पण त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट प्रबंधात मावत नाही, आणि पाणी-प्रशासनावर काम करू पाहणाऱ्या नव्या संशोधकाला तीच अधिक उपयोगी पडेल असे वाटल्याने हे लिहीत आहे.

सुरुवात कागदांपासून झाली. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ याच्या कलम १२(६)(ग) मध्ये असे म्हटले आहे की, टंचाईची झळ खोऱ्यातल्या सर्वांनी सारखी सोसावी यासाठी जलाशयांतला साठा ऑक्टोबरअखेर, खरिपातला वापर धरून, टक्केवारीने सर्व ठिकाणी जवळपास सारखा राहील असे नियंत्रण करावे. वाचायला सोपे वाटणारे हे कलम बरीच वर्षे नुसतेच पुस्तकात होते. २०१२-१३ च्या दुष्काळात जायकवाडी मृतसाठ्यात (जिवंत साठ्याखालच्या तळच्या पाण्यात) गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले, हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातल्या धरणसमूहांचे तक्ते तयार केले, प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये त्यावर आदेश दिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. एवढी साखळी जुळवून वाचायलाच पहिल्या वर्षाचा मोठा भाग गेला, कारण आदेशातली प्रत्येक ओळ आधीच्या कुठल्या तरी परिच्छेदाकडे बोट दाखवते आणि तो परिच्छेद तिसऱ्याच कागदपत्राच्या परिशिष्टात असतो.

मराठवाड्यातली असल्याने माझा कल कोणत्या बाजूला असणार हे मार्गदर्शकांनी आणि संशोधन मान्यता समितीने गृहीतच धरले होते. समितीतल्या एका सदस्यांनी स्पष्ट विचारले, ‘तुमचा प्रबंध हा याचिकेचा मसुदा होणार नाही ना?’ प्रश्न रास्त होता. वरच्या बाजूचे म्हणणेही हलक्यात घेण्यासारखे नाही. दारणा धरण १९१६ चे, भंडारदऱ्याचे १९२६ चे. प्रवरेच्या कालव्यांवर ब्रिटिश काळापासून उसाचे ब्लॉक (उसाच्या पाण्यासाठी ठरवून दिलेली क्षेत्रे) मंजूर झाले, त्या पाण्याच्या भरवशावर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. पैठणच्या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये. ‘आम्ही आधीचे’ हा युक्तिवाद कायद्याला नवा नाही, आणि तो खोडून काढायचा तर केवळ मराठवाड्याची तहान सांगून भागत नाही.

म्हणून सैद्धांतिक चौकट नीट बांधावी लागली. पर्यावरणीय न्यायाची आजची अभ्यासशाखा अमेरिकेतल्या चळवळींतून आली. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळ विषारी मातीचे कचरास्थळ करण्याविरुद्ध झालेले आंदोलन तिच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. या शाखेतले अभ्यासक डेव्हिड श्लॉसबर्ग यांच्या मांडणीत न्यायासाठी केवळ वाटणी पाहून चालत नाही: कोणाची दखल घेतली जाते आणि निर्णयाच्या प्रक्रियेत कोण बसते हेही पाहावे लागते. हे वाचताना मला सतत महाड आठवत राहिले. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जे झाले ते पाण्याच्या मापाबद्दल नव्हतेच; तळ्यात पाणी होते, ते सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठरावही होता, आणि तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा वाद उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत लढवावा लागला. आपल्याकडे पाण्याच्या न्यायाची चर्चा या घटनेपासून सुरू करायला हवी, असे माझे मत तेव्हा बनले आणि अजूनही तेच आहे. टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) हिशेबाने सुरू होणारी चर्चा टीएमसीतच संपते.

पुढचा टप्पा आकडे मिळवण्याचा. धरणांचे रोजचे साठे संकेतस्थळावर मिळतात, पण कालव्याच्या वितरिकांत (उपकालव्यांत) आणि चाऱ्यांत (शेतांपर्यंत जाणाऱ्या लहान पाटांत) कोणत्या तारखेला किती पाणी गेले हे मिळत नाही. त्यासाठी माहिती अधिकाराचे अर्ज केले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, तीस दिवसांची वाट, ‘माहिती विहित नमुन्यात उपलब्ध नाही’ असे उत्तर, मग प्रथम अपील, हा क्रम पाणी-संशोधकांना पाठ असतो. माझ्या बाबतीत अपिलाच्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी समजूतदारपणे सांगितले की माहिती लपवलेली नाही, ती शाखा कार्यालयांतल्या नोंदवह्यांत आहे, तिथे येऊन पाहा. पुढे ज्या कार्यालयात गेले त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण इतरत्रही फार वेगळे नसावे. एका लोखंडी कपाटात गेजच्या (कालव्यातली पातळी मोजल्याच्या) वह्या होत्या, काही उधईने खाल्लेल्या. वहीत डावीकडे तारीख आणि वेळ, मध्ये गेजपट्टीवरचे वाचन, उजवीकडे विसर्ग आणि शेवटी सही. मुख्य कालव्याच्या वरच्या भागातली वाचने दिवसातून अनेकदा घेतलेली आणि एकमेकांहून वेगळी होती. शेपटाकडे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाकडे, जावे तसे आठवडाभर रोज तोच आकडा, त्याच शाईत, त्याच हाताने. तिथे पूर्वी पाटकरी (पाटाचे पाणी सोडणारे कर्मचारी) आणि कालवा निरीक्षक पुरेसे असत, आता एकेका कर्मचाऱ्याकडे अनेक चाऱ्या आहेत आणि बरीच पदे रिक्त आहेत, हे नंतर कळले. कोणी बसून आकडे रचले असे मला म्हणायचे नाही. ज्या ठिकाणी मोजायला माणूसच नाही त्या ठिकाणचे पाणी कागदावर असे दिसते, एवढेच.

या वह्यांनी माझ्या अभ्यासाची दिशा बदलली. जायकवाडीचा जिवंत साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६ टीएमसी. लाभक्षेत्र सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून परभणीपर्यंत जाणारा. वरच्या धरणांतून पैठणला येणाऱ्या प्रत्येक क्यूसेकवर न्यायालयाची, प्राधिकरणाची आणि दोन विभागांतल्या लोकप्रतिनिधींची नजर असते. पाणी नदीत सोडले की काठावरच्या कृषिपंपांची वीज तोडली जाते, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, वाटेत किती मुरले याचा हिशेब मागितला जातो. तेच पाणी धरणाच्या भिंतीतून कालव्यात उतरले, की त्याच्याकडे अशा नजरेने पाहणारे कोणी उरत नाही. धरणा-धरणांमध्ये टक्केवारीने वाटणी करणारा न्याय शेतकऱ्या-शेतकऱ्यांमध्ये तसाच चालतो का, असा माझा प्रश्न त्यानंतर झाला.

परभणी जिल्ह्यातल्या शेपटाकडच्या गावांत मी रब्बीच्या आवर्तनांत (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्यांत) राहिले. कालव्याचे अस्तर जागोजागी उखडलेले, चारीत बाभळी आणि गाजरगवत, काही ठिकाणी चारी नांगरून शेतात घेतलेली. वर, मुख्य कालव्याच्या काठाने, भरावावरून टाकलेले काळे पाइप दिसत. त्यांना सगळे डोंगळे म्हणतात. डोंगळा भरला की मोटरीविना पाणी चढते आणि थांबवल्याशिवाय थांबत नाही. आवर्तन सुटले की पथके येतात, काही डोंगळे उचलून नेतात, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लागलेले असतात. शेपटाकडच्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी मला सात नंबरच्या, म्हणजे पाणीमागणीच्या, अर्जांच्या पोचपावत्या दाखवल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावलेल्या. पाणी आले नाही तरी ते दरवर्षी अर्ज भरत. कारण विचारले तर म्हणाले, ‘बाई, अर्ज नाही भरला तर उद्या हे म्हणतील, इथं मागणीच नव्हती.’ पाणी-प्रशासनावरच्या कितीतरी शोधनिबंधांत मागणीचा आकडा हा गरजेचा आकडा धरला जातो. ज्यांनी अर्ज करणेच सोडून दिले ते त्या आकड्यातून गळतात. हे भान मला त्या पिशवीने दिले.

विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीने मान्य केलेले संमतिपत्र इथे अडचणीचे ठरले. मुलाखत देणाऱ्याने नाव लिहून सही करावी अशी त्यात अट होती. डोंगळा लावणारा माणूस त्यावर सही करणार नाही हे उघड आहे. पण ज्यांना काहीच लपवायचे नव्हते तेही बिचकत, कारण त्यांच्या अनुभवात सही घेऊन जाणारा माणूस थकबाकीसाठी किंवा भूसंपादनासाठी परत येतो. मी समितीकडे सुधारित प्रस्ताव ठेवला: तोंडी संमती, साक्षीदाराची नोंद, गावाचे नाव कुठेही न छापणे. तो मंजूर व्हायला वेळ लागला, पण झाला. नव्या संशोधकांनी हा मुद्दा पहिल्याच अर्जात घालावा, म्हणजे हंगाम वाया जात नाही. पाण्याच्या अभ्यासात हंगाम हातचा गेला की वर्ष जाते.

स्त्रियांच्या मुलाखती घेताना एक वेगळीच भिंत लागली. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या २००५ च्या कायद्यानुसार पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमिनीशी बांधलेले आहे. व्यवस्थापन समितीत स्त्रियांना राखीव जागा आहेत, त्या भरल्याही जातात. पण रात्रीच्या पाळीला बांधावर उभे राहणाऱ्या, बारे देणाऱ्या बायकांपैकी फार थोड्यांचे नाव सातबाऱ्यावर होते. भूमिहीन कुटुंबांचा तर प्रश्नच नाही: ज्याला जमीन नाही त्याला कालव्याच्या पाण्यात वाटा नाही, हे इतके स्वाभाविक मानले जाते की माझ्या प्रश्नावलीतला त्याविषयीचा प्रश्न ऐकून लोक हसत. अशा वेळी मी त्यांना नायगावचे उदाहरण सांगत असे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत वाटा जमिनीवर नव्हे तर माणशी होता: प्रत्येकी अर्ध्या एकरापुरते पाणी, कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा, उसाला बंदी आणि भूमिहीनांनाही हक्क. ऐकणाऱ्यांपैकी काहींना ते पटे, काहींना ते लहान योजनेपुरते ठीक वाटे. मोठ्या कालव्यावर हे कसे बसवायचे, याचे तयार उत्तर माझ्याकडेही नव्हते; पण प्रश्न विचारण्याजोगा आहे हे दाखवायला एक घडलेले उदाहरण पुरते.

क्षेत्रकामाचा सर्वांत समृद्ध भाग मात्र माझ्या मूळ आराखड्यात नव्हता. तो होता धरणाच्या मागे, फुगवट्याच्या काठावर. नाथसागर उथळ आणि पसरट आहे. पाणी थोडे उतरले तरी काठाची मोठी जमीन उघडी पडते. त्या गाळपेर जमिनी एका हंगामासाठी कसायला दिल्या जातात आणि त्यात प्राधान्य प्रकल्पग्रस्तांना व भूमिहीनांना असते. पैठण आणि गंगापूर तालुके मराठवाड्यात, नेवासा आणि शेवगाव नगर जिल्ह्यात. म्हणजे ज्यांची गावे मराठवाड्यासाठीच्या धरणात गेली त्यातले अनेक जण वादात ‘वरच्या’ जिल्ह्याचे रहिवासी ठरतात. नेवाशाकडच्या एका वाडीत मला एका कुटुंबाने गाळपेरातला हरभरा दाखवला. त्यांची जुनी जमीन समोरच्या पाण्याखाली होती. वडिलांना मिळालेली पुनर्वसनाची जमीन भावांत वाटून संपली होती. पाऊस कमी झाला की त्यांची गाळपेर वाढते, आणि पाऊस कमी झाला की नोव्हेंबरमध्ये वरून पाणीही सुटते. त्या घरातल्या सुनेने सरळ सांगितले, ‘तिकडं पाणी सुटल्याचं टीव्हीवर दाखवत्यात, तवा आमी हरभऱ्याच्या कडंला खुट्टी रवतो. खुट्टी बुडली की शेंडाबी गेला.’ मी गेले तेव्हा ती खुंटी, बाभळीची, वीतभर पाण्यात उभी होती आणि तिच्या मागे हरभऱ्याच्या दोन ओळी पिवळ्या पडू लागल्या होत्या.

या कुटुंबाचा समन्यायी वाटपाला विरोध नव्हता. पाणी किती वाढेल आणि कधी, हे कोणी आधी सांगावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी परत येऊन त्या वादातले माझ्या हाती लागलेले आदेश आणि अहवाल पुन्हा चाळले. शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी यांचे तक्ते आहेत. बाष्पीभवन आणि वहनव्यय (पाणी वाहताना होणारी घट) आहे. माझ्यापुढच्या त्या कागदांत गाळपेर कसणाऱ्यांना पक्ष म्हणून स्थान दिलेले मला आढळले नाही. मासेमारांचेही तसेच. थर्माकोलच्या तराफ्यांवरून जाळी टाकणारे भोई समाजातले लोक साठा मृतपातळीला गेला की काय करतात, याची नोंद पाटबंधाऱ्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. जलाशयावर तरंगता सौरप्रकल्प करण्याचा प्रस्ताव आला आणि पक्षी अभयारण्याच्या निमित्ताने तो वाद हरित न्यायाधिकरणात गेला, तेव्हा कुठे मासेमारांच्या उपजीविकेचा उल्लेख बातम्यांत दिसू लागला.

मग वरच्या बाजूलाही गेले. ते केल्याशिवाय प्रबंध एकांगी राहिला असता. प्रवरेच्या कालव्यावरच्या बागायतदारांशी बोलताना अपेक्षित युक्तिवाद ऐकायला मिळाले आणि त्यातले काही मी प्रबंधात गांभीर्याने घेतले, विशेषतः नदीतून पाणी सोडताना होणाऱ्या घटीविषयीचा. कोरड्या पात्रातून सोडलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा वाटेत जिरतो, हे खरेच आहे, आणि टक्केवारीच्या न्यायाची ही किंमत कोणी तरी भरते. पण इगतपुरी आणि अकोले तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर चित्र निराळे निघाले. पावसाळ्यात धो धो पाऊस, अंगणातून धरणाचे पाणी दिसते, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावे लागते. एका पाड्यावरच्या आजोबांना मी नाशिक विरुद्ध मराठवाडा या वादाबद्दल विचारले, तर त्यांनी वाद कोणता तेच मला विचारले.

लेखनाच्या काळात सर्वांत जास्त खटका उडाला तो प्रकरणांच्या क्रमावर. मार्गदर्शकांचा आग्रह होता की कायदा आणि आकडेवारी आधी, माणसे नंतर. मला शेपूट, गाळपेर आणि पाडे ही प्रकरणे आधी हवी होती, कारण कायद्याची मर्यादा तिथेच दिसते. शेवटी तडजोड झाली: कायद्याचे प्रकरण पहिले राहिले, पण त्यातल्या प्रत्येक कलमाखाली ‘हे कलम कोणाला मोजते’ असे एक पोटशीर्षक आले. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्यावरच बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे की, धरणा-धरणांतले वाटप सोपे आहे म्हणूनच ते लागू झाले. मी सुचवते तसे चारीपर्यंत आणि फुगवट्यापर्यंत गेले तर कोणताही आदेश अमलात येणार नाही. मी उत्तर दिले की माझ्या पहिल्या दोन सूचना तरी अगदी साध्या आहेत: ऑक्टोबरच्या आढाव्याबरोबर मागच्या हंगामात प्रत्येक वितरिकेच्या शेपटाला किती पाणी पोहोचले ते जाहीर करावे, आणि वरून पाणी सोडण्यापूर्वी फुगवट्यावरच्या ग्रामपंचायतींना अपेक्षित पातळी व तारीख लेखी कळवावी. पहिलीसाठी शेपटाला मोजणारा माणूस हवा, दुसरीसाठी तर तेवढाही खर्च नाही. तिसरी सूचना, सुनावणीत भूमिहीन, मासेमार आणि गाळपेर कसणारे यांना स्वतंत्र पक्ष मानण्याची, अवघड आहे हे मी मान्य केले, पण प्रबंधातून काढली नाही.

दोन्ही साध्या सूचनांचे मराठीत दोन पानी टिपण करून मी संबंधित कार्यालयांत दिले आणि आवक क्रमांक घेतले. शेपटाकडच्या त्या शेतकऱ्यांनाही एक प्रत दिली. त्यांनी ती वाचली आणि एक दुरुस्ती सुचवली: शेपटाला पाणी पोहोचल्याच्या नोंदीवर खात्याच्या माणसाबरोबर त्या चारीवरच्या शेवटच्या शेतकऱ्याचीही सही असावी. ती दुरुस्ती मी पुढच्या मसुद्यात घातली आहे. आता इगतपुरी आणि अकोले तालुक्यांतल्या धरणांच्या काठावरचे काम सुरू करायचे आहे, आणि त्या अर्जात तोंडी संमतीचा मुद्दा पहिल्याच पानावर आहे.